मणेर सिस्टरांची बाहुली

प्रशिक्षणाला गेलेला माणूस नगरहून परत आला की आमच्या आरोग्य केंद्रात त्याला दोन गोष्टी विचारल्या जायच्या. जेवण काय होतं आणि पिशवी मिळाली का. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला खांद्यावर अडकवायची एक पिशवी, पेन, कोरी वही आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्र मी फाईलला लावायचो, पिशवी भाजी आणायला घरी जायची आणि शिकलेलं सगळं मिरजगावच्या स्टँडवर उतरायच्या आतच सांडलेलं असायचं. मी टिंगल करत नाही. मी स्वतः औषधसाठ्याची चार प्रशिक्षणं केली आणि चारही पिशव्या आमच्या घरात वापरून फाटल्या.

मणेर सिस्टर मात्र परत आलेल्या माणसाला फाटकातच गाठायच्या. काय शिकलात, असं त्या विचारत नसत. "करून दावा," एवढंच म्हणायच्या. लस टोचायचं नवं तंत्र शिकून आलेल्या नर्सला त्यांनी एकदा संत्र्याला सुई मारायला लावली होती, तीही चप्पल काढायच्या आत. त्यामुळं प्रशिक्षणाला जायला माणसं टाळाटाळ करायची. नगरचा प्रवास नको असायचा असं नाही, परतल्यावर फाटकात उभ्या असलेल्या सिस्टर नको असायच्या.

आमचं केंद्र कर्जत तालुक्यात, हमरस्त्यापासून आत, दोन ओढे ओलांडल्यावर. सिस्टर तिथं प्रसूतीचं काम पाहायच्या आणि मी औषधं. बुटक्या, अंगानं भरलेल्या, पांढऱ्या गणवेशावर बारा महिने काळं स्वेटर. चष्मा पुसायला कधी रुमाल घेतला नाही, पदरानंच पुसायच्या आणि तो आणखी धुरकट व्हायचा. बाईचा चेहरा विसरल्या तरी तिचं बाळंतपण विसरत नसत. बाजारात एखादीला थांबवून म्हणायच्या, "दुसऱ्या खेपंला पाय सुजले हुते ती तूच न्हव का?" ती बाई चारचौघांत लाजायची आणि सिस्टर खूश व्हायच्या. त्यांचे वडील जामखेडच्या बाजूला गावोगाव फिरून बांगड्या भरायचे. लहानपणी वडिलांबरोबर हिंडलेल्या सिस्टरांना शिकवायची दुसरी रीत माहीतच नव्हती. त्या हात हातात घेऊनच शिकवायच्या.

एकदा त्या स्वतःच हात धुण्याचं प्रशिक्षण घेऊन आल्या. सहा पायऱ्यांचा तक्ता बेसिनवर चिकटवला की विषय संपतो, अशी आमची समजूत होती. सिस्टरांनी माझ्याकडून जेंशन व्हायोलेटची बाटली मागून घेतली. तेच ते जांभळं औषध, तोंड आल्यावर लावतात ते. कशाला हवंय हे मी विचारलं नाही, ही माझी चूक. त्यांनी डॉक्टरांपासून सफाई करणाऱ्या मंदामावशीपर्यंत सगळ्यांना रांगेत उभं केलं, डोळे मिटायला लावले, तळहातावर जांभळं औषध ओतलं आणि म्हणाल्या, "धुवा आता, साबन समजून." डोळे उघडले तर जिथं हात फिरला नव्हता तिथं कातडी कोरी राहिलेली. डॉक्टरांचे दोन्ही अंगठे स्वच्छ गोरे!

"डॉक्टरसाहेब, ह्या अंगठ्यांवर सगळ्या गावाचा रोग बसलाय बघा," सिस्टर म्हणाल्या.

अंगठे सोडून डॉक्टरांचे उरलेले हात चार दिवस जांभळेच राहिले. नेमकं त्या रविवारी त्यांना मुलगी बघायला संगमनेरला जायचं होतं. तिथं चहाची कपबशी त्यांनी कशी धरली ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर अंगठा धुतल्याशिवाय ते पेशंटला शिवत नसत. मी मात्र बाटलीची नोंद काय करायची, या विवंचनेत आठवडा काढला. तेव्हा मी असाच होतो. हातातली वस्तू नोंदवहीत बसली नाही की मला झोप लागायची नाही.

या माझ्या स्वभावाचं पुढं जे झालं ते सांगितल्याशिवाय सिस्टर सांगून होणार नाहीत. सांगायला बरं वाटत नाही, तरी सांगतो.

त्या वर्षी सिस्टर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, त्याचं प्रशिक्षण घेऊन आल्या. पाठोपाठ जिल्ह्यावरून नवं सामान आलं. एका पेटीत हातानं दाबून हवा द्यायची रबरी पिशवी, जिला सगळे अंबू बॅग म्हणतात, दोन इवलेसे मास्क, आणि सरावासाठी प्लॅस्टिकची एक बाहुली. मी पेटी डेडस्टॉकला, म्हणजे कायम सामानाच्या नोंदवहीत, चढवली आणि माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. आधीच्या वर्षी वजनकाटा हरवला म्हणून मला उत्तरं देता देता नाकीनऊ आले होते. सरकारी खात्यातल्या माणसाला हे कळेल. वस्तू वापरली तर खराब होते, खराब झाली तर जाब द्यावा लागतो, कपाटातली वस्तू मात्र तपासणीला नव्यासारखी दिसते. प्रसूतीच्या खोलीत जुनी बॅग होती, पण तिचं रबर चिरलं होतं. हेही मला माहीत होतं.

सिस्टरांनी पेटी दोनदा मागितली.

"भाऊसाहेब, ती माझ्या टेबलावर पायजे. बाळ काय अर्ज करून येत न्हाई."

"लागेल तेव्हा मागा, लगेच देतो," मी दोन्ही वेळा म्हणालो. मला ते खरंच वाटत होतं.

ती लागली तेव्हा भर दुपार होती आणि मी तालुक्याला मासिक सभेत बसलो होतो. साठ्याची किल्ली कुणाच्या हाती द्यायची नाही, हा आमच्या लोकांचा रिवाज. ती माझ्याबरोबर पँटच्या खिशात सभेला आली होती. फोन आवाज बंद करून टेबलावर पालथा ठेवला होता. चहाच्या वेळी उलटा केला तर केंद्रातून अकरा कॉल येऊन गेलेले.

मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जवळच्या वस्तीवरची संगीता नावाची सून, पहिलटकरीण. मुलगा झाला, पण रडला नाही. सिस्टरांनी पुसला, पाठ चोळली, मान सरळ केली, शिकवलं होतं तसं सगळं केलं. मग हात पुढं केला तर तिथं बॅग नव्हती. मंदामावशी वीट घेऊन माझ्या कपाटाकडं धावली. डॉक्टर ओपीडी टाकून आले, तेही कुलपाशी झटले. कुलूप चांगलं होतं, मीच पारखून आणलेलं. ते तुटायला सात मिनिटं लागली. तेवढा वेळ सिस्टर बाळाच्या तोंडानाकावर जाळीचं कापड ठेवून गालातली हवा त्याला देत राहिल्या, एक बोट नाळेच्या बुडाशी ठेवून. बोटाखाली ठोका होता. बॅग आली त्यानंतरही होता, पण मंदावत गेला. अर्ध्या तासानं थांबला.

मी आलो तेव्हा डॉक्टर सिस्टरांची समजूत घालत होते. बाहेर नातेवाइकांना त्यांनी सांगून टाकलं होतं की बाळ पोटातच गेलं होतं.

"सिस्टर, मृत जन्म लिहू. त्या बाईलाही सोपं जाईल, आपल्यालाही. उगाच चौकशी कशाला ओढवून घ्यायची?"

"काळीज माझ्या बोटाखाली उडत हुतं, डॉक्टर."

"ते मला माहीत आहे. पण आता त्यानं काय फरक पडतो?"

"मेलेलंच आलं म्हनलं तर मंग चुकलं काय? काईच न्हाई. मंग पेटी आत हुती तीच बरी म्हना की. उद्या दुसरं येईल, त्येला बी मेलेलंच लिवू."

मी दारात उभा होतो आणि मनातून डॉक्टरांच्या बाजूनं होतो. हे मी आज लपवत नाही. मृत जन्म लिहिलं असतं तर माझ्या किल्लीचं नावही निघालं नसतं. सिस्टरांनी आमच्या दोघांच्या देखत नोंदवही ओढली आणि 'जिवंत जन्म' लिहिलं. खाली मृत्यूची वेळ लिहिली, सही केली. मग बाजूला बसून चष्मा काढला आणि रडल्या. मी त्यांना पाणीही दिलं नाही.

चौकशी झाली. जिल्ह्यावरून दोघे साहेब आले. कागदावर आमचं केंद्र अगदी सज्ज होतं. सिस्टरांचं प्रमाणपत्र फाईलला, बॅग डेडस्टॉकला, स्थिती उत्तम. साहेबांनी सिस्टरांनाच विचारलं, "प्रशिक्षण झालेलं, सामान उपलब्ध, मग बाळ गेलं कसं?"

"सामान कुलपात हुतं साहेब. मी मागितलं हुतं, पन रेटून धरलं न्हाई. भांडायला पायजे हुतं, ते मी केलं न्हाई. आन नगरला बाहुलीवर दोनदा केलं तेवढंच. घरी आल्यावर हात बसवला न्हाई."

मला ताकीद मिळाली. सिस्टरांना कारणे दाखवा नोटीस, आणि वरून वस्तीची दुश्मनी. चौकशीची बातमी वस्तीवर गेली तसा संगीताच्या सासूनं केंद्रात येऊन सिस्टरांचा उद्धार केला. बाळ जितं होतं तर हिच्या हातात मेलं, असा तिचा हिशेब, आणि तो चुकीचा म्हणायची सोय नव्हती. त्या वस्तीवरच्या बायका आमच्याकडं यायच्या बंद झाल्या. सिस्टर दर महिन्याला तपासणीला जायच्या तेव्हा दारं लोटलेली असायची. वस्तीच्या वाटेवर पिंपळाखाली त्या थोडा वेळ थांबायच्या आणि परत यायच्या. कुणी आलं नाही, असं वहीत लिहायच्या.

माझ्याशी भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. आठवड्यानं त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, बाहुली काढा." मी काढून दिली. तिच्यावरचं प्लॅस्टिक त्यांनी माझ्यासमोर टराटरा फाडलं. बॅग प्रसूतीच्या टेबलाच्या वर खिळ्याला टांगली. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेनऊला, ओपीडी सुरू व्हायच्या आधी, बाहुली टेबलावर यायला लागली.

कुणालाही सुटका नव्हती. डॉक्टर, कंत्राटी नर्स प्रियंका, मंदामावशी, गाडीचा ड्रायव्हर आणि मी.

"मी औषधं देणारा माणूस," मी एकदा कुरकुरलो, "मला हे कशाला?"

"किल्ल्या सांभाळनाऱ्याला म्हाईत पायजे, आत काय ठेवलंय ते," सिस्टर म्हणाल्या. एवढंच एकदा त्या मला बोलल्या. पुन्हा कधी नाही.

मला ते जमत नव्हतं. मी मास्क बाहुलीच्या तोंडावर दाबून धरायचो आणि हवा कडेनं निघून जायची. सिस्टरांनी माझा हात आपल्या हातात घेतला. "माझे आब्बा म्हनायचे, बांगडी भरायची तर बाईचा हात दाबायचा न्हाई. हात सैल पाडायचा, बांगडी आपली आपन जाती. तुमी दाबताय. मास्क नुसता टेकवा, आन हनुवटी वर घ्या, मास्ककडं." तसं केलं आणि बाहुलीची छाती उचलली. पन्नाशीच्या माणसाला प्लॅस्टिकची छाती उचलल्याचं एवढं काय वाटावं? मला दिवसभर पुरलं. पण घरी जाताना मनात आलं, हे शिकायला मला दहा मिनिटं लागली.

एक गोष्ट त्या लपवायच्या. त्या दिवसापासून त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. चहाचा पेला त्या दोन्ही हातांनी धरायच्या. सही करताना डाव्या हातानं उजवं मनगट धरायच्या. बाहुलीवर त्या स्वतः करून दाखवायच्या तेव्हा हात स्थिर असायचा, खऱ्या बाळापाशी कापायचा. मला वाटतं म्हणूनच त्यांनी आम्हा सगळ्यांच्या मागं एवढा लकडा लावला होता. आपला हात ऐन वेळी दगा देणार, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि तसंच झालं. पावसाळा सरल्यावर एका दुपारी वाट्यानं ज्वारी पेरणाऱ्या एका कुटुंबातली बाई आली. मूल निळसर, लोळागोळा. प्रियंकानं सिस्टरांकडं बघितलं. सिस्टरांनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले आणि म्हणाल्या, "तू घे." प्रियंका घाबरली. "अगं घे, रोज करती की. मी मोजते." प्रियंकानं खिळ्यावरची बॅग ओढली. मी दारात होतो. सिस्टर भिंतीला टेकून, घड्याळाकडं बघत, एका सुरात मोजत होत्या. दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड. त्यांचा आवाज जराही हलला नाही. दोन मिनिटंही झाली नसतील, बाळानं तोंड वाकडं केलं आणि असा काही टाहो फोडला की मंदामावशी हातातली बादली टाकून नाचायला लागली. डॉक्टरांनी प्रियंकाच्या पाठीवर थाप मारली. ड्रायव्हर पळत जाऊन पेढे घेऊन आला.

सिस्टर तिथं नव्हत्या. मी शोधत मागच्या व्हरांड्यात गेलो. त्या पायरीवर बसल्या होत्या.

"सिस्टर, अहो, वाचलं बाळ. ऐकलंत ना?"

"ऐकलं." त्या समोरच्या बोराटीकडं बघत राहिल्या. "एवढंच हुतं भाऊसाहेब. बघितलं ना तुमी? त्येच्या येळंला बी एवढंच हुतं."

मी पेढा हातात घेऊन उभा होतो. आनंदाच्या दिवशी इतकं वाईट मला आयुष्यात वाटलं नाही. तोपर्यंत मी मनाची समजूत घातली होती की बॅग असती तरी ते बाळ कदाचित गेलंच असतं. ती समजूत त्या दुपारी मोडली, आणि सिस्टरांनी तसली समजूत स्वतःची कधी घातलीच नव्हती.

पुढं डॉक्टर शिकायला निघून गेले, दुसरे आले. साडेनऊची बाहुली चालू राहिली. तिचा एक कान तुटला, छाती दोनदा बदलली. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी वस्तूची स्थिती खराब असा शेरा मारला. त्या शेऱ्यावर मी आनंदानं सही केली.

गेल्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या. केंद्रात छोटा कार्यक्रम ठेवला होता. नारळ, शाल, भाषणं. सगळी प्रशिक्षणं वेळेवर पूर्ण करणाऱ्या कर्मचारी, असं नवे डॉक्टर म्हणाले. सिस्टरांचा मुलगा गाडी घेऊन आला होता आणि बाहेर उभा होता. समोसे वाटायला सुरुवात झाली तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. कांद्याच्या वावरातून तशीच आलेली, पायांना माती. मी ओळखलं नाही. सिस्टरांनी ओळखलं, आणि हातातली बशी खाली ठेवली.

"ये संगीता, आत ये."

ती आत आली नाही. "सिस्टर, तुमी आज जानार म्हनत्यात. म्हनून आले. एक इचारायचं हुतं. मला कुनी खरं सांगंना. माझं पहिलं लेकरू जितं झालतं का मेलेलं?"

सिस्टर उठून तिच्यापाशी गेल्या.

"जितं. रडला न्हाई तो, पन काळीज चालू हुतं. अर्धा तास हुता तुझा पोरगा."

"सासू तवा तुमाला बोलून गेली, आन घरी मला म्हनाली, मेलेलंच हुतं, मोजू नको. मालक बी तसंच म्हंत्यात. दोन पोरी झाल्या नंतर, दवाखान्यात कितवी खेप इचारलं की मी गप बसायची."

"मोज. पहिला म्हनून मोज. मी वहीत तसंच लिवलंय."

संगीतानं पदर तोंडाला लावला. त्याच्याआडूनच म्हणाली, "मंग वाचला का न्हाई वो?"

"हवा द्यायची पिशवी कुलपात हुती. कुलूप मोडंस्तवर सात मिनिटं गेली. मी तोंडानं फुकत हुते, पन ते पुरलं न्हाई."

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी उठलो. "ताई, किल्ली माझ्याकडं होती. सिस्टरांनी आधी दोनदा मागितली होती. मी दिली नाही."

संगीतानं माझ्याकडं वळून बघितलं. "तुमी कोन?"

"मी इथं औषधं देतो."

तिनं मान हलवली आणि पुन्हा सिस्टरांकडं वळली. ज्या कबुलीसाठी मी इतकी वर्षं शब्द जुळवत होतो, तिचा त्या बाईला काही उपयोग नव्हता. ती दुसऱ्याच कामासाठी आली होती.

"मला त्येला कुनी दावला न्हाई सिस्टर. लगीच नेला. तुमीच काय बघितला असंल तेवढा. कसा हुता?"

सिस्टरांनी अंगावरची शाल काढून खुर्चीवर टाकली. "चल," म्हणाल्या, "वाटंनं सांगते."

बाहेर मुलानं गाडीचं दार उघडून धरलं होतं. सिस्टरांनी त्याला हातानंच थांब अशी खूण केली आणि संगीताच्या खांद्यावर हात ठेवून त्या ओढ्याच्या अंगानं वस्तीकडं चालू लागल्या. पिंपळापर्यंत मला त्या दिसत होत्या. तिथं त्या थांबल्या नाहीत.